संध्याकाळचा साडेसहाचा खेळ द्या

महाराष्ट्रात जिल्ह्याच्या ठिकाणी चित्रपट महोत्सव भरवणाऱ्या सर्व चित्रपट मंडळांचे अध्यक्ष, कार्यवाह आणि निवड समितीचे सदस्य यांना,



आपल्यापैकी बहुतेकांची माझी ओळख नाही, पण मी तुमची प्रेक्षक आहे. गळ्यात डेलिगेट पास अडकवून सकाळच्या पहिल्या खेळाला हजर राहणाऱ्या, इराणी चित्रपटाच्या रांगेत जागेवरून हुज्जत घालणाऱ्या आणि समारोपाची भाषणं सुरू व्हायच्या आत मागच्या दाराने सटकणाऱ्या मंडळींपैकी एक. पदरमोड करून, सुट्ट्या खर्चून, प्रायोजकांचे उंबरे झिजवून तुम्ही महोत्सव करता हे जवळून पाहिलेलं आहे. तेव्हा हे पत्र घरातल्याच माणसाचं समजून वाचा.

गेल्या काही वर्षांत तुमच्या कॅटलॉगमध्ये क्वीअर लघुपटांचा एखादा गट दिसू लागला आहे. समलिंगी, उभयलिंगी, ट्रान्सजेंडर माणसांच्या गोष्टी सांगणारे चार-पाच लघुपट, दीड-दोन तासांचं सत्र. ते ठेवल्याबद्दल आधी मनापासून आभार. तुमच्या समितीत त्यावर वाद झाला असणार, कुणीतरी ‘कशाला नसती झंझट’ म्हणालं असणार आणि कुणीतरी ते रेटून नेलं असणार. त्या रेटणाऱ्या माणसाला माझा वेगळा नमस्कार. तक्रार आहे ती पुढची. हे सत्र कुठे, कधी आणि कुणासमोर दाखवलं जातं, याबद्दलची.

एका शहरातला अनुभव सांगते. शहराचं नाव सांगत नाही, कारण थोड्याफार फरकाने ते कुठलंही असू शकतं. सत्र होतं कामाच्या वारी, दुपारी, वरच्या मजल्यावरच्या छोट्या सभागृहात. खाली मुख्य सभागृहात त्याच वेळी एका नामवंत दिग्दर्शकाचा गाजलेला चित्रपट लावलेला. छापील वेळापत्रकात या सत्राचं नाव नुसतं ‘विशेष लघुपट’. वर जायला एकच जिना, जिन्याच्या तोंडाशी पास तपासणारे दोन स्वयंसेवक, शेजारी चहाचं टेबल. आत आम्ही जेमतेम दोन रांगा भरतील एवढे. बाहेर टेबलापाशी कॉलेजच्या वयाचा एक मुलगा रेंगाळत होता. फलक वाचायचा, मोबाईल काढायचा, पुन्हा फलक वाचायचा. स्वयंसेवकांपैकी एकाने त्याला ओळखून हाक मारली, ‘काय रे, तू वरचं बघायला आलायस?’ हाक मारणाऱ्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. मुलगा ‘नाही, असंच’ म्हणून खालच्या चित्रपटाला गेला.

तो मुलगा कोण, कसा, मला माहीत नाही, आणि ते माहीत करून घ्यायचा मला अधिकारही नाही. कदाचित त्याला खालचाच चित्रपट बघायचा असेल. पण आपल्या गावांत वेगळ्या सत्राचा वेगळा दरवाजा काय करतो, हे त्या वेळी मला समोर दिसलं. दाराशी उभा असलेला स्वयंसेवक वर्गमित्राचा भाऊ असतो. मागच्या रांगेत बाबांच्या बँकेतले काका बसलेले असतात. त्या दारातून आत जाणं हीच एक जाहीर घोषणा होऊन बसते. ज्यांच्या गोष्टी पडद्यावर आहेत, नेमके तेच लोक बाहेर राहतात आणि आत माझ्यासारखे, ज्यांना कुणी काही विचारणार नाही असे, संवेदनशीलतेचं समाधान घेऊन बसतात.

यावर कुणी म्हणेल, मुंबईत तर यासाठी अख्खा स्वतंत्र महोत्सव होतो. होतो, आणि थाटात होतो. श्रीधर रंगायन यांनी 2010 मध्ये ‘कशिश’ सुरू केला. मुख्य प्रवाहातल्या चित्रपटगृहात, माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या परवानगीने झालेला हा आपल्या देशातला पहिला क्वीअर चित्रपट महोत्सव. पुढे काही वर्षं तो मरीन लाइन्सजवळच्या ‘लिबर्टी’त भरत राहिला. 1949 साली उघडलेलं ते देखणं चित्रपटगृह, तो संगमरवरी जिना, आणि त्या जिन्यावर नटूनथटून मनमोकळे फोटो काढणारी माणसं. तिथे दिसणं हाच उत्सवाचा अर्धा भाग असतो. महानगराची गर्दी अनोळखी असते, त्यामुळे तिथे दिसणं परवडतं. लोकल पकडून माणूस आपल्या उपनगरात परत जातो आणि सकाळी ऑफिसात कुणी काही विचारत नाही. जिल्ह्याच्या गावात ही चैन नाही. म्हणून मुंबईचा साचा जसाच्या तसा उचलून आपल्याकडे लहान करून बसवला, की वरच्या मजल्यावरच्या त्या खोलीसारखी गत होते.

माझी मागणी साधी आहे. हे सत्र शनिवारी संध्याकाळी साडेसहाला, मुख्य सभागृहात ठेवा. आणि महत्त्वाचं म्हणजे त्या वेळेला दुसऱ्या कुठल्याही पडद्यावर काहीही ठेवू नका. ज्याच्याकडे पास आहे तो प्रत्येक जण तिथेच बसेल. कुणी लघुपटांसाठी आला, कुणी नंतरच्या मोठ्या चित्रपटासाठी जागा धरायला आला, कुणी पाऊस म्हणून आत आला, कुणी बायकोने ओढून आणलं म्हणून आला, हे कुणालाच कळणार नाही. एवढ्या सगळ्या कारणांच्या गर्दीत ज्याला खरोखर यायचं आहे त्यालाही येता येईल. अंधार झाल्यावर त्याला हसायचं तिथे हसता येईल, रडायचं तिथे रडता येईल, आणि दिवे लागल्यावर बाकीच्या तीनशे लोकांसारखाच तो नाक पुसत बाहेर पडेल.

कुणी सुचवेल की मग एकेक क्वीअर लघुपट इतर सत्रांत विखरून टाका. ते जरूर करा, पण त्याने हे काम होत नाही. ‘ग्रामीण जीवन’, ‘स्त्रीप्रश्न’, ‘पर्यावरण’ यांच्यात एक असा लघुपट येतो, प्रेक्षागृहात थोडी चुळबुळ होते आणि पुढचा सुरू होतो. सलग पाच गोष्टी पाहिल्या की चुळबुळ संपते. पहिल्या लघुपटाला ‘विषय’ पाहणारा प्रेक्षक तिसऱ्यापर्यंत छायाचित्रण बरं आहे की नाही, शेवट लांबला का, यावर येतो. मला तर तोच क्षण हवा असतो. आणि कॅटलॉगमध्ये नाव सरळ छापा, ‘क्वीअर लघुपट’ म्हणून. दार सगळ्यांना एक असावं, पण पाटी कोरी नसावी.

आता तुमच्या अडचणींकडे येते. पहिली अडचण नेहमी परवानगीची सांगितली जाते. सेन्सॉरचं प्रमाणपत्र नसलेला चित्रपट महोत्सवात दाखवायचा तर केंद्र सरकारकडून सूट घ्यावी लागते. त्यासाठी चित्रपट पाहणारी समिती नेमून यादी मंत्रालयाकडे पाठवावी लागते आणि तो चित्रपट नोंदणी केलेल्या प्रतिनिधींनाच दाखवता येतो. हे सगळं तुम्ही परदेशी चित्रपटांसाठी दर वर्षी करताच. तेच अर्ज, तीच मुदत. मंत्रालय अडवणूक करतच नाही असं मी म्हणणार नाही. 2017 मध्ये गोव्याच्या इफ्फीत ज्यूरीने निवडलेले ‘एस दुर्गा’ आणि आपल्या रवी जाधवांचा ‘न्यूड’ मंत्रालयाने परस्पर वगळले आणि ज्यूरीचे अध्यक्ष सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला, हे कुणी विसरलेलं नाही. पण त्यातला एकही क्वीअर चित्रपट नव्हता. उलट हे पाहा: 11 डिसेंबर 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 पुन्हा जिवंत केलं आणि 6 सप्टेंबर 2018 रोजी प्रौढांच्या खासगी, संमतीच्या संबंधांपुरतं ते रद्द केलं. मधली पावणेपाच वर्षं हे संबंध कायद्याने गुन्हा होते, आणि तेवढी वर्षं ‘कशिश’ मुंबईत दर वर्षी, उजळ माथ्याने भरला. तेव्हा जे थांबलं नाही ते आज तुमच्या गावात परवानगीअभावी थांबेल, हे पटायला जड जातं.

शिवाय प्रमाणपत्राची कटकटच नको असेल तर त्यालाही सोपा उपाय आहे. राष्ट्रीय पुरस्कारांच्या स्पर्धेत उतरायचं तर चित्रपटाकडे सेन्सॉरचं प्रमाणपत्र असावंच लागतं. म्हणजे राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला प्रत्येक लघुपट प्रमाणित आहे. रवी जाधवांच्या ‘मित्रा’ला 62व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट लघुकथापटाचा मान मिळाला. निशांत रॉय बोंबार्डे यांच्या ‘दारवठा’ला पुढच्याच वर्षी पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. दोन्ही मराठी. रंगायन यांचा ‘गुलाबी आईना’ 2003 चा, त्याला प्रमाणपत्र नाकारलं गेलं होतं. त्याच दिग्दर्शकाच्या, कलम 377 वरच्या ‘ब्रेकिंग फ्री’ या माहितीपटाला 63व्या राष्ट्रीय पुरस्कारांत संकलनाचा पुरस्कार मिळाला. सरकारचंही मन बदलतं, फक्त त्याला वेळ लागतो.

दुसरी अडचण ‘राडा होईल’ ही. 2 डिसेंबर 1998 रोजी गोरेगावच्या सिनेमॅक्समध्ये दोन स्त्रियांच्या प्रेमावरच्या ‘फायर’च्या खेळाला झालेली मोडतोड आमच्या पिढीच्या डोळ्यांसमोर आहे. तो चित्रपट पुन्हा सेन्सॉरकडे पाठवला गेला आणि एकही काट न लागता परत आला, हे मात्र फारसं कुणी लक्षात ठेवत नाही. त्यालाही आता पाव शतक उलटलं. 2025 साली याच राज्यातल्या चित्रपटगृहांत दोन पुरुषांच्या प्रेमाचा ‘साबर बोंडं’ तिकीट लावून दाखवला गेला. तरी धास्ती वाटत असेल तर पोलीस ठाण्यात रीतसर पत्र द्या, जसं तुम्ही एखादा नट उद्घाटनाला येणार असला की देता. गर्दीच्या वेळी मोठ्या सभागृहात कार्यक्रम करणं हे सुनसान दुपारी वरच्या खोलीत करण्यापेक्षा अधिक सुरक्षित असतं, हे कुठल्याही अनुभवी कार्यकर्त्याला विचारा.

तिसरी अडचण मला सगळ्यात जास्त खटकते. ‘आमचा प्रेक्षक अजून तयार नाही.’ कुठला प्रेक्षक? ‘उंबरठा’ 1982 चा. त्यातल्या महिलाश्रमातल्या दोघींचं नातं जब्बार पटेलांनी पडद्यावर आणलं आणि तो चित्रपट गावोगावच्या थिएटरांत आमच्या आयांनी पदर सावरत पाहिला. त्याच्या आदल्या वर्षी तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ रंगभूमीवर आलं होतं, रोहिणी हट्टंगडी त्यात मित्राच्या भूमिकेत. चेतन दातार यांनी ‘एक माधवबाग’ लिहिलं, समलिंगी मुलाच्या आईच्या तोंडून, आणि मोना आंबेगावकर यांनी एकटीने उभं राहून ते ठिकठिकाणी सादर केलं. (तुमच्या प्रोजेक्टरने ऐन वेळी दगा दिला तर हे वाचन ठेवता येईल, एक खुर्ची पुरते.) बिंदुमाधव खिरे पुण्यात समपथिक ट्रस्टचं काम करत मराठीत ‘पार्टनर’सारखी कादंबरी लिहून बसले आहेत, सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्ल्यू’ 2006 पासून वाचनालयात आहे. आपला प्रेक्षक कधीचाच तयार आहे. तयार नसते ती समिती, आणि ती प्रेक्षकाच्या नावावर सही करते.

राहिला प्रश्न निवडीचा, आणि इथे मी तुमच्या बाजूने थोडं कडक बोलणार आहे. क्वीअर लघुपट आहे म्हणून तो चांगलाच असतो असं नाही. बरेच तर वाईट असतात. मुंबई-पुण्यातला एक फ्लॅट, खिडकीत पाऊस, दोन देखणे चेहरे, पियानो, आणि शेवटी काळ्या पाटीवर उपदेशाच्या चार ओळी. दुसरा प्रकार याहून त्रासाचा: नायक-नायिकेला शेवटी मारून टाकायचं. पंख्याकडे कॅमेरा गेला की मी ओळखते, आता काय होणार. समोरच्या अंधारात सतरा वर्षांचं कुणी बसलेलं असताना आपण त्याला हा एकच शेवट किती वेळा दाखवणार आहोत? दुःख दाखवू नका असं नाही. पण पाचपैकी पाचही लघुपट मृत्यूवर संपत असतील तर निवड समितीने आळस केला आहे.

चांगलं कसं असतं त्यासाठी रोहन परशुराम कानवडे यांचा ‘उ उषाचा’ पाहा. शेतात मजुरी करणारी, लिहिता-वाचता न येणारी, एकटीने पोरं सांभाळणारी बाई. गावातल्या प्राथमिक शाळेतली शिक्षिका तिला आवडू लागते आणि त्या ओढीने ती अक्षरं गिरवायला लागते. बस्स, एवढंच. कुणी भाषण करत नाही, कुणी ‘मी अशी आहे’ म्हणून जाहीर करत नाही. साक्षरता अभियानाच्या कुठल्याही जाहिरातीपेक्षा शिकण्याची ओढ त्यात खरी वाटते, कारण ती कुणासाठी तरी आहे. हे पाहताना आमच्या जिल्ह्यातल्या बाईला परकं काय वाटणार? बांध तिचा, पाटी तिची, शाळा तिची.

याच कानवड्यांचा ‘साबर बोंडं’ 2025 च्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं ग्रँड ज्यूरी पारितोषिक घेऊन आला. मुंबईत नोकरी करणारा आनंद वडील गेल्यावर सुतकाचे दहा दिवस गावी काढतो. कुणाच्या घरी जायचं नाही, पायात चप्पल घालायची नाही, आणि दर दोन वाक्यांनी ‘लग्नाचं काय?’ हा नातेवाइकांचा धोशा. त्यात लहानपणीचा मित्र बाळ्या भेटतो. अमेरिकेतल्या ज्यूरीला ते भावलं ही आनंदाची गोष्ट. पण सुतकातल्या त्या बारीकसारीक बंधनांमधला विनोद आणि गुदमर संपूर्णपणे कळणारा प्रेक्षक सिन्नर, बार्शी, परभणीतच आहे. मुंबईत घडलेल्या, चित्रपटाचं कुठलंही रीतसर शिक्षण न घेतलेल्या या दिग्दर्शकाने आधी लघुपटच केले, आणि ते लघुपट दाखवणारे पडदे होते म्हणून तो इथवर आला. तुमचा साडेसहाचा खेळ अशा पुढच्या कुणासाठी तरी आहे, हेही लक्षात असू द्या.

याशिवाय रोहिन रवींद्रन यांचा ‘द बूथ’ मागवा. मॉलमध्ये बायकांची झडती घेतात ती पडद्याआडची चिंचोळी जागा, तिथली सुरक्षारक्षक आणि रोज येणारी एक मुलगी. अमृता सुभाष आणि पर्ण पेठे. दोन माणसांना भेटायला शहरात केवढी जागा उरते, हे त्याइतकं नेमकं मी क्वचित पाहिलं आहे. आणि इतिहास म्हणून जमलं तर 1996 चा ‘बॉमगे’: रियाद वाडियांचा, पुणे विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक राहिलेल्या आर. राज राव यांच्या कवितांवरचा. जे. बी. एच. वाडियांच्या नातवाने, म्हणजे ‘हंटरवाली’ चित्रपट काढणाऱ्या घराण्यातल्या पोराने, तो केला, ही गंमत आपल्या जुन्या सभासदांना नक्की आवडेल. जोगते, तृतीयपंथी यांच्यावरचे माहितीपटही येतील, पण सगळ्यांची एक मोट बांधू नका. ‘जोगवा’ चित्रपटातल्या तायप्पावर जे जोगतेपण लादलं जातं ते आणि फ्लॅटमधल्या दोघांचं प्रेम, या वेगळ्या गोष्टी आहेत.

खेळानंतरच्या चर्चेबद्दल विनंती आहे. व्यासपीठावर डॉक्टर बसवू नका. एका महोत्सवात मानसोपचारतज्ज्ञ प्रमुख पाहुणे होते. भला माणूस, पण दोन वाक्यांत ‘या समस्येवर’ घसरले आणि पुढची वीस मिनिटं पालकांना समुपदेशन झालं. ज्या दिग्दर्शकाने रात्रीच्या गाडीने प्रवास करून चित्रपट आणला होता, त्याच्या हाती माईक आला तेव्हा सभागृह रिकामं होत होतं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्येच लैंगिक कल ‘बदलण्याचे’ उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहेत. म्हणजे डॉक्टरांना यात बोलण्यासारखं फारसं उरलेलं नाही. दिग्दर्शकाला बोलवा, छायालेखकाला बोलवा, आणि त्यांना तेच प्रश्न विचारा जे तुम्ही इतर दिग्दर्शकांना विचारता. पैसे कुठून आले, ही नटी कशी मिळाली, शेवटचं दृश्य कितव्या टेकला जमलं.

आणि दोन किरकोळ पण गरजेच्या गोष्टी. या खेळाला प्रेक्षकांचे फोटो काढायचे नाहीत, फेसबुक लाइव्ह करायचं नाही, वर्तमानपत्राच्या छायाचित्रकाराला पाठमोरी गर्दीही टिपू द्यायची नाही. आपल्याकडे पाठीवरूनही माणूस ओळखतात. दुसरं, लघुपट करणाऱ्याला मानधन द्या. ‘लिंक पाठवा, आम्ही दाखवू, तुमचीच प्रसिद्धी होईल’ हे ऐकून ती मुलं थकली आहेत. उद्घाटनाच्या शाली आणि स्मृतिचिन्हं निम्मी केलीत तरी पाच लघुपटांचे पैसे निघतात. दीपप्रज्वलनाला मान्यवर थोडे कमी बोलावलेत तर वेळापत्रकही सावरेल, कारण उद्घाटन लांबलं की कात्री नेहमी लघुपटांवरच चालते.

पुढच्या महोत्सवाच्या प्रवेशिका तुम्ही आता मागवायला घ्याल. वेळापत्रकाचा कागद पुढे आला की त्यात सगळ्यात आधी शनिवार, संध्याकाळी साडेसहा, मुख्य सभागृह या चौकटीत ‘क्वीअर लघुपट’ लिहा आणि शेजारच्या पडद्यांच्या चौकटींवर फुली मारा. त्यानंतर बाकीचे चित्रपट बसवा.

आपली,
तुमच्या महोत्सवाची एक नेहमीची प्रेक्षक